लाइफ शिल्लक आहे का?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय सर, बाई आणि १९९७ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,



संयोजकांनी मला ‘सध्या काय चाललंय’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या तिघांनी शाळेचं ऋण, संस्कार आणि शिस्त हे तिन्ही विषय घेऊन टाकले आणि ते छानच बोलले. त्यामुळे मी उरलेला विषय घेते. माझा विषय आहे व्हिडिओ गेम. बाई, तुम्ही हसताय. पण हा विषय अभ्यासक्रमात नसूनही निम्म्या वर्गाचा तोच सगळ्यात पक्का होता, हे तुम्हालाही ठाऊक आहे. गृहपाठ न आणण्याची कारणं तुम्हीच ऐकून घेतली आहेत.

आधी माझी ओळख सांगते, कारण मघाशी दोघींनी मला ओळखलंच नाही. मी हिशेबाच्या खात्यात नोकरी करते. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथे. सकाळी पावणेसातला चिंचवडला कंपनीची बस पकडायची, मोशीच्या पुढे ती गर्दीत अडकली की डुलकी काढायची, संध्याकाळी तोच रस्ता उलट्या दिशेने. घरी आल्यावर कुकर, मुलाचा अभ्यास, सासूबाईंच्या गोळ्या. तुमच्यातल्या बहुतेकांचं असंच चाललं असणार. कारखान्याच्या जागी बँक, शाळा, दवाखाना किंवा दुकान घाला, एवढाच फरक.

आता गेमकडे येते. आमच्या घरी १९९३ च्या दिवाळीत टीव्ही गेम आला तो दादाच्या हट्टामुळे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं होतं. आपल्याकडे घरोघरी आली ती बहुतेक त्याची नक्कल. पिवळी कॅसेट, वर ‘९९९९ गेम’ असं छापलेलं, आणि आत मोजून दहा-पंधरा. तेच गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे. स्टँडजवळ अर्ध्या तासाला पाच रुपये घेऊन खेळायला देणारं एक दुकान होतं. मुलं तिथे जायची, मुलींना तिथे जायची सोय नव्हती. म्हणून दादा क्लासला गेला की आपल्या वर्गातल्या सहा-सात मुली आमच्या माजघरात जमायच्या. आईला सांगितलेलं असायचं, भूमितीची उजळणी आहे.

कॅसेट चालली नाही की आपण काढून तिच्यात फुंकर मारायचो. पुढे कळलं, फुंकरीचा काही उपयोग नव्हता. उलट तोंडातल्या वाफेने आतले धातूचे दात गंजायचे. कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळेच ती चालायची. आमच्या ऑफिसात संगणक अडला की मदतीला येणारा मुलगा अजून तेच करतो: बंद करून पुन्हा चालू. फुंकर तेवढी मारत नाही.

नोकरीत डोक्यात जाणाऱ्या बऱ्याच गोष्टींना मी आता गेमची नावं देऊन ठेवली आहेत. राग तेवढाच येतो, पण नाव दिलं की तो ओळखीचा वाटतो.

पहिला टेट्रिस. जत्रेत मिळायचा तो हातातला ठोकळ्यांचा गेम. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी तो १९८४ साली लिहिला. प्रत्येकी चार चौकोनांचे सात आकार, बस्स. वरून पडतात, आपण फिरवून बसवायचे, ओळ भरली की ती नाहीशी. आमच्या खात्याचा महिना अगदी असाच असतो. सात तारखेला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीचं पहिलं विवरणपत्र, पंधराला प्रॉव्हिडंट फंड, वीसला दुसरं विवरणपत्र. वीस तारीख बसवेपर्यंत पगाराचा ठोकळा अर्ध्यावर आलेला असतो. भरलेली ओळ कुणाला दिसत नाही, कारण ती पडद्यावर राहतच नाही. बावीस वर्षांत एकदाही कुणी येऊन म्हणालं नाही की ‘या महिन्यात सगळं वेळेवर गेलं, छान.’ राहिलेली फट मात्र दाराशी उभं राहूनसुद्धा दिसते.

आपण खेळायचो त्या टेट्रिसमध्ये ‘तुम्ही जिंकलात’ असं सांगणारा पडदाच नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला एक तेरा वर्षांचा मुलगा निन्टेन्डोच्या १९८९ सालच्या टेट्रिसवर इतका पुढे गेला की १५७ व्या पातळीवर गेमच गोठला. त्याच्या आधी कुणी माणूस तिथवर गेल्याची नोंद नाही. मी ती बातमी मार्चअखेरच्या धामधुमीत वाचली आणि पोराचा हेवा वाटला. आमच्याकडे मार्च संपला की एप्रिल येतो आणि ठोकळे पुन्हा पडायला लागतात.

दुसरा मारिओ. १९८५ सालचा. मला त्यात सगळ्यात आठवतो तो किल्ल्याचा शेवट. एवढ्या खाचा ओलांडायच्या, आगीचे गोळे चुकवायचे, त्या मोठ्या राक्षसाला पुलावरून पाडायचं आणि पुढे जावं तर राजकन्या नसतेच. एक बुटका उभा असतो. तो आभार मानतो आणि सांगतो की राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. असं सात वेळा होतं. राजकन्या भेटते ती आठव्या किल्ल्यात.

माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. दर नोव्हेंबरात त्यांना पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. दोन वर्षांपूर्वी मी रजा टाकून त्यांना घेऊन गेले. तीन नंबरच्या खिडकीवर सांगितलं, पाचवर जा. पाचवर सांगितलं, अंगठा लागेल, यंत्र वरच्या मजल्यावर आहे. वरच्या मजल्यावर अंगठा जुळेना. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस, बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. दहाही बोटं लावून झाली. मग सांगितलं, तुमचं खातं आहे त्या मूळ शाखेत जा. मूळ शाखा गावाकडे. बाबा शांतपणे म्हणाले, “अगं, मी त्यांच्यापुढे उभा आहे हे त्यांना दिसतंय ना?” त्या बाईंनाही ते दिसत होतं. त्यांनाही वाईट वाटत होतं. पण त्यांच्या यंत्राला दिसत नव्हतं.

हा किस्सा सांगण्यामागे एक कामाची गोष्ट आहे, ती लिहून घ्या. २०२१ च्या नोव्हेंबरपासून हा दाखला मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवूनही देता येतो. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने तो घरी खाटेवर बसल्या बसल्या काढून दिला. आपल्या सगळ्यांचे आईवडील आता त्या वयाचे आहेत. अंगठा उमटत नसेल तर किल्ले फिरत बसू नका.

तिसरा बदकांचा गेम, डक हंट. सर, हा तुमच्या विज्ञानाच्या तासाला शोभेल. टीव्हीला वायरने जोडलेली प्लॅस्टिकची बंदूक पडद्यावरच्या बदकावर रोखायची. आपल्याला वाटायचं, बंदुकीतून काहीतरी बाहेर पडतं. प्रत्यक्षात बंदुकीतून काहीच निघत नव्हतं; उलट ती पडद्याकडे बघत होती. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. बंदुकीच्या तोंडातल्या प्रकाशसंवेदकाला तो दिसला तर नेम लागला.

दादाने ती बंदूक जपून ठेवली होती. मागच्या दिवाळीत मुलांना दाखवायला त्याने ती नव्या टीव्हीला जोडली. एकही बदक पडेना. जुन्या टीव्हीचा डबा चित्र त्या क्षणी उमटवायचा. नवा पडदा किंचित उशीर करतो. तो उशीर आपल्याला जाणवत नाही, पण बंदुकीचं गणित चुकतं. बंदुकीत बिघाड नव्हता आणि नेमबाजही तोच होता.

आमच्या खात्यात बावन्न वर्षांचे एक गृहस्थ होते. शंभर आकड्यांची बेरीज नजरेने करायचे. पुरवठादाराचं बिल हातात घेतलं की कुठे पाणी मुरतंय ते कागद न उलटता सांगायचे. मग नवीन संगणक प्रणाली आली. जे काम ते चार मिनिटांत करायचे, त्याला आता अकरा पडदे उघडावे लागायचे. शिकवायला आलेली मुलं चांगली होती, पण घाईत होती. बदक निसटलं की गवतातून वर येऊन हसणारं ते कुत्रं तुम्हाला आठवतंय? तसं हसणारं एक माणूस प्रत्येक ऑफिसात असतं. आणि आपल्या कॅसेटमध्ये त्या कुत्र्यावर गोळी चालत नव्हती, हेही आठवत असेल. आमचे ते गृहस्थ सहा महिन्यांनी स्वतःहून निवृत्ती घेऊन गेले. निरोपाच्या दिवशी सगळे त्यांच्या अनुभवाबद्दल बोलले. तो अनुभव त्या अकरा पडद्यांमध्ये कुठे भरायचा, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

आपण सगळे आता त्रेचाळीस-चव्वेचाळीस. बावन्न काही लांब नाही. म्हणून हे सांगितलं.

नोकियाच्या सापाबद्दल एकच वाक्य. तो १९९७ साली, म्हणजे आपण दहावी झालो त्याच वर्षी नोकियाच्या ६११० या फोनवर आला, आणि त्याचा नियम मला घराचा हप्ता सुरू झाल्यावर कळला: जेवढं खाल तेवढी शेपूट वाढते, आणि शेवटी माणूस स्वतःच्याच शेपटीला धडकतो.

आता माझा सगळ्यात आवडता गेम. कॉन्ट्रा.

बघा, टाळ्या आल्याच. दोघांनी मिळून खेळायचा. निळ्या विजारीचा दादा, लाल विजारीची मी. सुरुवातीला तीन लाइफ, आणि एक गोळी लागली की एक गेली. तीन लाइफमध्ये पहिली पातळीसुद्धा धड पार होत नसे. मग ती बटणांची किल्ली: वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए, आणि स्टार्ट. तीस लाइफ मिळायच्या. मला सत्तावीसचा पाढा आजही अडतो, पण ही किल्ली झोपेत विचारा. कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो १९८६ साली ग्रेडियस नावाचा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करत होते. तपासणीसाठी तो पूर्ण खेळून बघायला हवा होता आणि तो त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता. म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ती किल्ली घातली आणि ती गेममध्येच राहून गेली. म्हणजे ज्याने गेम बनवला, त्यालाही तो तीन लाइफमध्ये जमत नव्हता. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

कॉन्ट्रात दोन गोष्टी अशा होत्या की त्यांच्याबद्दल बोलण्यासाठीच मी आज हा विषय घेतला.

पहिली गोष्ट धबधब्याची. तिसरी पातळी. खडकांवरून उड्या मारत वर चढायचं. पुढचा खेळाडू वर गेला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकायचा आणि खाली राहिलेला पडद्याबाहेर गेला की मरायचा. गोळी नाही, शत्रू नाही, नुसता जोडीदार भराभर वर चढला म्हणून. दादा दर वेळी तसा चढायचा आणि मी दर वेळी ओरडायचे, “थांब की, मी खाली आहे!” त्याचं लक्ष वर असायचं. मला मारायचा त्याचा हेतू नव्हता. त्याने खाली बघितलेलं नसायचं, एवढंच.

दुसरी गोष्ट उसन्या लाइफची. एकाच्या सगळ्या लाइफ संपल्या तरी खेळ संपत नसे. जोडीदाराकडे शिल्लक असतील तर त्यातली एक घेऊन पुन्हा उभं राहता यायचं. यावरून घराघरात भांडणं झाली आहेत. “माझी घेतलीस! मला विचारलं का?” पण गेम तशी परवानगी द्यायचा. गेम बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं की दोघं शेजारी बसलेत, एकाच टीव्हीपुढे, आणि एकाचं संपलं तर दुसऱ्याच्यातून निभावेल.

आता २०२० सालाबद्दल थोडं सांगते. मी हे आजवर चारचौघांत बोलले नाही. टाळेबंदीत आमच्या कारखान्याने माणसं कमी केली. तेव्हा मी दुसऱ्या कारखान्यात होते. खात्यात नऊ जण होतो, चार ठेवले. मी त्या चारांत नव्हते. ह्यांचा प्रवासी गाड्यांचा व्यवसाय. दोन्ही गाड्या सोसायटीच्या आवारात उभ्या. एका गाडीचा हप्ता, घराचा हप्ता, मुलगा सातवीत. मी रोज सकाळी पावणेसातला उठून, आवरून, बसणार कुठे म्हणून जेवणाच्या टेबलापाशी बसायचे आणि अर्ज पाठवायचे. चौऱ्याहत्तर अर्ज गेले. उत्तरं आली सहा. त्यातलं एकही ‘या’ म्हणणारं नव्हतं.

जुलैत आपल्या वर्गातल्या एकाचा फोन आला. पंधरा वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. त्याचं तालुक्याला खतं-बियाण्यांचं दुकान आहे. शेतीची दुकानं त्या काळात चालू होती. त्याने माझी चौकशी केली नाही, सहानुभूती दाखवली नाही. म्हणाला, “माझा हिशेब बघणारा माणूस गावी अडकलाय. जीएसटीचं मला कळत नाही. तू बघशील का? फुकट नको, दर सांग.” मी दर सांगितला. त्याने घासाघीस केली! त्या घासाघिशीमुळेच मला खरं काम मिळाल्यासारखं वाटलं. पुढच्या महिन्यात त्याने शेजारचं ठिबक सिंचनाचं दुकान जोडून दिलं, मग एक गिरणी, मग एक रोपवाटिका. दिवाळीपर्यंत माझ्याकडे सात जणांचे हिशेब होते. आठ महिने आमचं घर त्यावर चाललं. २०२१ च्या मार्चमध्ये मला आत्ताची नोकरी लागली ती मुलाखतीत हे सात हिशेब दाखवूनच. मधल्या आठ महिन्यांचं काय, असं विचारणाऱ्याला माझ्याकडे उत्तर होतं.

त्याला माझी परिस्थिती कुणाकडून कळली, हे त्याने आजतागायत सांगितलेलं नाही. तो इथे बसला आहे. नाव घेतलं तर जेवताना माझ्याशी बोलणार नाही, म्हणून घेत नाही.

या सभागृहात आपण एकसष्ट जण आहोत. कुणी वर चढलं, कुणी मधल्या खडकावर, कुणाच्या पायाखालून पडदा सरकतोय. आपला व्हॉट्सअ‍ॅपचा गट आहे. त्यावर वाढदिवस होतात, गाड्या येतात, परदेशातले फोटो येतात. ते यावेत, मला बघायला आवडतात. पण ‘माझं काम गेलंय’ असं त्या गटावर आजवर एकानेही लिहिलेलं नाही. एकसष्ट माणसांत एवढ्या वर्षांत एकाचंही काम गेलं नसेल, हे हिशेबात बसत नाही. हे मी हिशेबनीस म्हणून सांगते.

म्हणून माझी एक सूचना आहे. संयोजकांशी बोलणं झालं आहे. या स्मरणिकेच्या शेवटी सगळ्यांची नावं-पत्ते छापणार आहेतच. त्यात दोन रकाने वाढवायचे. एकात ‘मला काय करता येतं’ हे लिहायचं. हुद्दा नको, काम लिहा. वेल्डिंग, भाषांतर, शिकवणी, रुग्णालयात सोबतीला बसणं, कागदपत्रं भरून देणं. दुसऱ्यात लिहायचं, ‘माझ्याकडे कोणतं काम देण्यासारखं आहे’. महिन्याला दोन तासांचं असलं तरी चालेल. कुणाला काय हवंय, हा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. तो कुणी भरणार नाही, आणि छापील पानावर तो भरायला लागूही नये. ज्याला गरज आहे त्याने दुसरा रकाना वाचावा आणि सरळ फोन करावा. काम मागण्यात कमीपणा नाही. दर मात्र नीट सांगा. घासाघीस होणार.

आणि जे धबधब्यावर वर आहेत, त्यांना एवढंच सांगते की चढणं थांबवू नका. मधूनमधून खाली बघा. कुणी खडकावर लोंबकळत असेल तर दोन क्षण थांबा. तेवढ्याने वर जायचं राहत नाही. दादा आणि मी शेवटी कॉन्ट्रा पुरा केला तो अशाच एका मे महिन्याच्या दुपारी, जेव्हा तो पहिल्यांदा थांबायला शिकला.

सर, बाई, तुम्ही आम्हाला मधल्या सुट्टीत डबा वाटून खायला लावायचात. ज्याने आणला नसेल त्याला विचारायचं नाही, नुसता डबा पुढे सरकवायचा, हा तुमचा नियम होता. त्या खतांच्या दुकानदाराला तो आठवत होता, असं मला वाटतं.

रकान्यांचे कागद बाहेर, चहाच्या टेबलाशेजारी ठेवले आहेत. पेनंही आहेत. जेवणाआधी भरून द्या. पंगत बसली की तुम्ही कुणी हाती लागणार नाही.